एका दिवसात मुंबई, तीही लोकल-बस-मेट्रोने : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाताजाता एवढंच लिहिलं होतं की मुंबई बघायला गाडी भाड्याने करू नका, लोकल-बस-मेट्रोने फिरा, आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं सदर सगळं त्यातच जाणार. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरहून नऊ जण येतोय. आई-बाबा सत्तरीचे, दोन पोरं ८ आणि ११ वर्षांची, बाकी आम्ही. महालक्ष्मीने सकाळी सीएसएमटीला उतरणार आणि रात्रीच्याच महालक्ष्मीने परत. भाचा म्हणतो टेम्पो ट्रॅव्हलर करा, दहा ठिकाणं होतात. पोरांना लोकलमध्ये बसायचंय, आईला समुद्र बघायचाय. काय काय होईल?

भाच्याचं खरंय, दहा ठिकाणं होतात, पण त्यातली सात काचेतून होतात आणि उरलेल्या तीन ठिकाणी ड्रायव्हर सांगतो वीस मिनिटांत या, पार्किंग नाहीये. मी तुम्हाला चारच ठिकाणं सांगणार आहे, राग मानू नका.

आधी गर्दीची दिशा समजून घ्या, कारण सगळा प्लॅन तिच्यावरच उभा आहे. सकाळी आठ ते अकरा अख्खी मुंबई दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत उत्तरेकडे परत जाते. तुम्ही सकाळी ऑलरेडी दक्षिणेच्या टोकाला उतरलेले असणार. म्हणजे जी लोकल सीएसएमटीला हजारो माणसं सोडून रिकामी होते तीच पाच-सात मिनिटांत उलटी निघते, आणि तिच्यात तुमच्या नऊच्या नऊ जणांना बसायला मिळतं, पोरांना खिडकीसुद्धा. लोकलचा अनुभव घ्यायला याच्याइतकी सोपी वेळ नाही, फक्त सगळे जातात त्याच्या उलट जायचं.

तर उतरल्यावर सामान क्लोकरूममध्ये टाका (बॅगांना कुलूप हवं, नसेल तर घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीट हाताशी ठेवा), चहा-वडापाव उरका आणि घाईने स्टेशनाबाहेर पळू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून वळून स्टेशनकडे बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने डिझाइन केलेली ही इमारत, काम १८७८ ला सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुमच्या पाठीमागे जे पालिकेचं मुख्यालय आहे तेही त्याचंच, १८९३ चं. हे नाव लक्षात ठेवा, संध्याकाळी पुन्हा लागणार आहे.

मग लोकल. जायचंय भायखळ्याला. इथे एक गोष्ट जपा : फलाट एक आणि दोनवरून हार्बरच्या गाड्या सुटतात, त्या मशीद आणि सँडहर्स्ट रोडपर्यंत तुमच्याच दिशेने जातात आणि मग डॉकयार्डकडे वळतात, भायखळ्याला जातच नाहीत. तुम्हाला तीन ते सातवरची मेन लाइनची गाडी हवी. ठाणे, कल्याण, कर्जत, कसारा, काहीही लिहिलेलं असू द्या, स्लो असो फास्ट असो, भायखळ्याला थांबतेच. तिकीट ५ रुपये. पोरांना सांगा की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच, म्हणजे तेव्हाच्या बोरीबंदरवरून, ठाण्याला निघाली, १४ डबे आणि ३४ किलोमीटर, आणि आपण जातोय तो त्याच रस्त्याचा पहिला तुकडा आहे.

भायखळा स्टेशन स्वतःच बघण्यासारखं झालंय. सध्याची इमारत १८९१ ची, मधे रया गेली होती, मग नीट दुरुस्त केली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तिथून चालत राणीची बाग. पोरं पेंग्विनसाठी धावतील, धावू द्या, पण बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना तो तुटला, आणि मग तुकडे जोडून इथे आणून उभा केला. शहरातला काळा घोडा, म्हणजे तो जुना पुतळा, तोही आता याच आवारात आहे, म्हणजे दुपारी तुम्ही ज्या काळा घोडा भागात जाणार तिथला मूळ घोडा तुम्ही सकाळीच बघून झालेला असेल. बाग बुधवारी बंद असते, संग्रहालयही, तुमची तारीख तेवढी तपासा.

बारा-साडेबारापर्यंत लोकलने परत सीएसएमटी. तोवर सकाळची गर्दी ओसरलेली असते, बसायला नाही मिळालं तरी उभं राहायला ऐसपैस मिळतं. जेवण करा आणि मग खाली भुयारात जा, म्हणजे मेट्रो ३. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरची ही लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि आमच्यासारख्या माणसं फिरवणाऱ्यांचं काम निम्मं सोपं झालं. सीएसएमटीनंतरचं पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. दहा रुपये. वर आलात की समोर फ्लोरा फाउंटन १८६४ चं आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं स्मारक. इथे बाबांना बोलू द्या, सत्तरीच्या माणसाकडे त्या काळाचं काहीतरी घरातलं ऐकलेलं असतंच, ते कुठल्याही गाइडच्या पाठ केलेल्या माहितीपेक्षा बरं.

तिथून सगळं पायी : राजाबाई टॉवर, काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेटवे. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पण थांबत थांबत दोन तास धरा. वस्तुसंग्रहालय आतून बघायचं की नाही हे आधीच ठरवा, कारण ते नीट बघायला अर्धा दिवस लागतो आणि अर्ध्या तासात उरकण्यात काही अर्थ नाही, मी तरी तुमच्या दिवसात ते बाहेरूनच ठेवलं असतं. संग्रहालय आणि गेटवे दोन्ही जॉर्ज विटेटची कामं. गेटवे पूर्ण झालं १९२४ ला आणि ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीखालून बोटीत बसून गेली. घारापुरीची बोट दिसेल, पोरं हट्ट करतील, पण जायला-यायलाच एकेक तास जातो, तुमच्या दिवसात बसत नाही.

गेटवेहून चर्चगेटकडे बसने जा. नंबर मुद्दामच देत नाही, बेस्टचे, म्हणजे मुंबईच्या शहर बसचे, मार्ग मधूनमधून बदलतात, मोबाइलवर बघा किंवा सरळ स्टॉपवरच्या कुणालाही विचारा. एसी बसला कमीत कमी १२ रुपये, साधीला १०. चर्चगेट स्टेशनासमोर पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे, घुमटवालं, १८९९ चं. कुणाचं? स्टीव्हन्सचं. पोरांना ओळखायला लावा. मग पाच मिनिटांवर मरीन ड्राइव्ह, आईला कट्ट्यावर बसवा आणि सूर्य बुडेपर्यंत उठवू नका.

आणि आता गंमत बघा, साडेसहाला चर्चगेटच्या फलाटांवर नुसतं डोकावलंत तरी पोरांना कळेल मुंबई काय चीज आहे, पण त्या गर्दीत तुम्हाला शिरायचं नाहीये. तुम्ही मेट्रोने चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी असे परत, दहा रुपये, आणि तुमच्या गाडीच्या भरपूर आधी पोचलेले. दिवसभराचं भाडं मोठ्या माणसाला पन्नासच्या आत बसतं.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. तरी लोकलने नेता येईल का?

येईल, पण टोकाच्या स्टेशनांवरून. सीएसएमटी आणि चर्चगेट ही शेवटची स्टेशनं, गाडी येऊन थांबते आणि तुम्ही रस्त्याच्या लेव्हलने चालत फलाटावर जाता, पूल ओलांडावा लागत नाही. त्रास होतो तो मधल्या स्टेशनांवर. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट आणि सरकते जिने झालेत, पण ते नेमके तुमच्या फलाटाच्या कुठल्या टोकाला आहेत हे शोधण्यातच अर्धी चाल होते. शिवाय फलाट आणि डब्याच्या पायरीमधलं अंतर, ते मला जिन्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, आणि मधल्या स्टेशनावर गाडी काही सेकंदच थांबते. टोकाच्या स्टेशनावर निदान निवांत चढता येतं. एकूण बघता आईंसाठी मेट्रो आणि नव्या खालच्या तळाच्या एसी बसेस बऱ्या, लोकलची हौस असेल तर टोकाला चढून दुपारच्या वेळी एकच फेरी करा.

प्रश्न : सगळ्याला मिळून एकच तिकीट किंवा पास नाही का?

कागदाचं एकच तिकीट, नाही. मुंबई वन नावाचं ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलंय, त्यात लोकल, मेट्रो, बस सगळ्याची तिकिटं एकाच जागी काढता येतात. मेट्रो आणि बेस्टला एनसीएमसी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं प्रवासाचं कार्ड, चालतं. लोकलसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट खिडकीवर मिळतं, पण दिवसात दोनच लोकल पकडणार असाल तर ते महागच पडेल.

दोन गोष्टी मात्र परगावचे लोक हमखास विसरतात. लोकलच्या साध्या तिकिटावर मधे उतरून, फिरून, परत पुढे जाता येत नाही, उतरलात की ते तिकीट संपलं. आणि मोबाइलवर तिकीट काढायचं असेल तर ते स्टेशनात शिरायच्या आधी काढा, रुळांच्या अगदी जवळ आल्यावर ॲप तिकीट देत नाही, मग स्टेशनवरचा क्यूआर शोधत फिरावं लागतं. टीसीने पकडलं तर भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये, आणि "आम्ही बाहेरगावचे" हे कारण त्याने सकाळपासून बऱ्याच वेळा ऐकलेलं असतं.

प्रश्न : मी लातूरची, मुंबईत शिकायला आहे. गावाकडची मंडळी आली की मीच त्यांना फिरवते आणि सगळे म्हणतात तू हे काम म्हणून कर. लायसन लागतं का? आणि ग्रुपला लोकलमधून नेताना नक्की काय सांभाळायचं?

आधी लायसनचं. रस्त्यावर, स्टेशनात लोकांना सोबत घेऊन फिरणं वेगळं आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकात, जसं की घारापुरीच्या लेण्यांत, पैसे घेऊन माहिती सांगणं वेगळं, तिथे अधिकृत परवानाच लागतो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन कोर्स आहे, इनक्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर नावाचा, तो करून टाक, पुढे उपयोगी पडेल.

आता खरं काम. बाई गं, माहिती सगळ्यांकडे असते, फोनमध्ये असते. लोकलच्या दिवशी गाइडचं काम डोकी मोजणं आणि आधी सांगून ठेवणं हे आहे. जे सांगायचं ते फलाटावर सांग, गाडीत नाही. गाडीत आवाज पोचत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे तो डबा लोकांचा आहे, ते ड्युटीवर निघालेत, त्यांच्या डोक्यावर उभं राहून तुझ्या ग्रुपला १८५३ चा इतिहास ऐकवायचा नाही.

फलाटावर ग्रुपचे तीन-तीनचे गट पाड, प्रत्येक गटात एक तरी फोन आणि एक धडधाकट माणूस. सगळे एका दारातून चढायला गेले की निम्मे खाली राहतात, म्हणून शेजारशेजारची दारं वाटून दे. तरी कुणीतरी राहतंच, त्याचा नियम आधी ठरव आणि सगळ्यांकडून बोलून घे : जो पुढे गेला तो पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबणार, मागे राहिलेले पुढच्या गाडीने येणार. दोन्हीकडचे एकमेकांना शोधायला निघाले की संपलं.

इंडिकेटर वाचायला शिकव, लोकांना ते फार आवडतं, एकदम मुंबईकर झाल्यासारखं वाटतं. कुठे जाणार, एस म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट, किती डब्यांची, किती मिनिटांत. डबे किती हे महत्त्वाचं, कारण १२ ऐवजी १५ ची आली तर तुझा महिलांचा डबा तू उभी आहेस तिथे येत नाही आणि मग सगळ्या बायका फलाटावर पळत सुटतात.

आणि आतली रीत. तिघांच्या बाकावर चौथा बसतो हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही. कुणी येऊन नुसती मान हलवली किंवा "जरा सरका" म्हटलं की तिघांनी इंच इंच सरकायचं, चौथ्याला अर्धीच सीट मिळते, एक पाय पॅसेजमध्ये, पण त्यावर तो ठाण्यापर्यंत जातो आणि कुणाला काही वाटत नाही. तुझे पाहुणे "ही तिघांची सीट आहे" म्हणाले की डब्यात सगळे वळून बघणार. तसंच कुणी "कुठे?" असं एका शब्दात विचारलं तर ती चौकशी नाही, तुम्ही उठल्यावर ती जागा त्याला हवीये, स्टेशनचं नाव सांगायचं आणि झालं. उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायचं आणि पुढच्याला विचारायचं की भायखळा उतरणार का, तो नाही म्हणाला तर जागा बदलायची. पुढच्या स्टेशनला फलाट कुठल्या बाजूला येणार हे तुला पाठ पाहिजे, एकवेळ राजाबाई टॉवरची उंची विसरलीस तरी चालेल.

फोटो काढायला हरकत नाही, पण कॅमेरा लावून धंद्याचं शूटिंग करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. दारात लटकून रील करणाऱ्याला सरळ ग्रुपमधून काढ.

प्रश्न : मुंबईकर उर्मट असतात हा अनुभव आम्ही लोकलमध्ये घेतला. धक्के मारले, वर आम्हालाच ओरडले. तुम्ही कौतुक कसलं करता?

किती वाजता चढला होतात आणि बॅगा कुठे होत्या तेवढं कळवा, मग बोलू. चेष्टा सोडा, संध्याकाळी सहाला दारात पाठीवर सॅक लावून उभा असलेला माणूस, मग तो कुठलाही असो, ओरडा खातो. सॅक पुढे घ्या किंवा वर रॅकवर टाका, उतरायचं नसेल तर दार सोडून आत व्हा. त्याच डब्यात कुणाला चक्कर आली तर पाच हात पुढे येतात आणि पाण्याची बाटली कुठून येते कळत नाही. धक्का मात्र बसणारच, त्याला इलाज नाही.

प्रश्न : गेटवे, म्युझियम सगळं बघून झालंय. पुण्याहून एक दिवस येऊन दुसरी मुंबई बघायची असेल तर?

गिरगाव करा. आता मेट्रोचं गिरगाव नावाचं स्टेशनच आहे. दादरला उतरलात तर तिथूनच मेट्रो ३ धरा. केशवजी नाईक चाळीपासून सुरुवात करा, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ ला झाला. मग खोताची वाडी, लाकडी बाल्कन्यांची जुनी घरं, गल्ल्या अरुंद आणि लोक तिथे राहतात, म्हणून खिडक्यांत डोकावू नका आणि हळू बोला. तिथून चौपाटीपर्यंत पायी, १९२० मध्ये लोकमान्यांचे अंत्यसंस्कार झाले ती जागा आणि त्यांचा पुतळा. थोडं पुढे गावदेवीत मणिभवन, गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की इथे उतरायचे. परत जायला ग्रँट रोड स्टेशन जवळ पडतं, लोकलने दादर आणि वेळ असेल तर चैत्यभूमी.

शनिवार-रविवार असेल तर पालिकेच्या मुख्यालयाची आतून वारसा फेरी असते, आधी बुकिंग करून तीही जोडता येईल. रविवारी गर्दी कमी हे खरं, पण रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लोकल बंद किंवा वळवलेल्या. कुठल्या लाइनला कुठून कुठपर्यंत हे आदल्या दिवशी जाहीर होतं, ते न बघता निघालात तर तुमची गाडी कुर्ल्याला तरी अडकेल नाहीतर भलत्याच मार्गाने नेतील.

प्रश्न : मुलाला लाल डबल डेकरमध्ये बसवायचंय, अजून आहेत का?

जुन्या डिझेलच्या सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या. १९३७ पासून होत्या, मलाही वाईट वाटलं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरच्या एसी डबल डेकर सुरू झाल्या, पहिली सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह संकुल), बसचा नंबर ए-११५. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट हवी असेल तर सुरुवातीच्या स्टॉपवर उभे राहा, एखादी बस सोडावी लागली तर सोडा. खिडकी उघडत नाही, वारा लागत नाही, पण लहान मुलाला ते कळत नाही.

प्रश्न : जुलैत यायचं ठरतंय. पावसात असा दिवस होईल का?

मेट्रो ३ भुयारातून जाते, त्यामुळे काही प्रमाणात होईल. भरतीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी असेल तर त्या तासांत लोकलच्या भरवशावर लांब जाऊ नका आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर चढू नका, पोलिस उठवतातच. त्या दिवशी वस्तुसंग्रहालय आतून बघा, अर्धा दिवस आरामात जातो. घारापुरीच्या बोटी खराब हवेत बंद ठेवतात आणि लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा त्यासाठी जुलै धरूच नका, डिसेंबरात या.